एक ग्राइंडर, दोन कॉफ्या: परतवाड्याजवळच्या एका घराची निवड

परतवाड्याजवळच्या एका गावातलं घर. संत्र्याचा बगिचा, मागे मेळघाटचे डोंगर, घरात पाच माणसं. त्यातली दोन कॉफी पिणारी, आणि दोघांची कॉफी एकमेकांपासून पार वेगळी. मामाजी, म्हणजे माझ्या मावसबहिणीचे सासरे, पहाटे साडेपाचला पितळी फिल्टरमधलं डिकॉक्शन, म्हणजे पुडीतून थेंब थेंब उतरलेला कडक अर्क, दूध-साखर घालून घेतात. ताई, म्हणजे ती मावसबहीण, बंगळूरच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. तिला नऊच्या मीटिंगआधी एस्प्रेसो लागते, यंत्राने दाब देऊन काढलेली छोटी कडक कॉफी. बाकीचे तिघं चहाचे. ताईने फोनवर विचारलं ते एवढंच: दोघांना पुरेल असा एकच छोटा ग्राइंडर सांग, ओट्यावर मिक्सरशेजारी मावेल असा.

अमरावतीत माझं कॉफीच्या बियांचं आणि सामानाचं छोटं दुकान आहे. हा प्रश्न गिऱ्हाईक नेहमी विचारतात आणि बहुतेकांना उत्तर लगेच देता येतं. या घराचं उत्तर द्यायला वेळ लागला. ग्राइंडरबद्दलचे बहुतेक सल्ले ज्या घरांसाठी दिलेले असतात, त्या घरांत सकाळी सकाळी लाईन जात नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मामाजींची कॉफी आजची नाही. ते वनखात्यात होते आणि नोकरीतली बरीच वर्षं चिखलदऱ्याच्या बाजूला गेली. तिथे इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत. समुद्रसपाटीपासून हजार मीटरपेक्षा उंच असलेल्या या पठारावर थंडावा आणि पाऊस दोन्ही आहे, म्हणून आपल्या विदर्भात कॉफी तगली ती इथेच. फिल्टरची सवय त्यांना तिथल्याच एका दक्षिणेकडच्या साहेबांच्या घरी लागली. इतकी वर्षं ते चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) मिसळलेली तयार पूड आणत होते. ग्राइंडरची गरज त्यांना नव्हती, ताईला होती.

अडचण कुठून सुरू झाली

ताईचं यंत्र घरगुती आहे: ५१ मिलिमीटरचा पोर्टाफिल्टर (पूड भरून यंत्राला अडकवायचा दांडा), तेराशे वॅटच्या वरचा हीटर. खोक्यावर १५ बार लिहिलेलं असतं, पण तो पंपाचा कमाल दाब. कॉफीच्या थरावर साधारण ९ बार दाब पडला की एस्प्रेसो होते. यंत्रासोबत आलेली बास्केट, म्हणजे पोर्टाफिल्टरमध्ये बसणारी पुडीची गाळणी, दुहेरी तळाची होती. अशा बास्केटच्या खालच्या तळाला एकच बारीक भोक असतं आणि दाब त्या भोकामुळे तयार होतो, कॉफीच्या थरामुळे नाही. त्यामुळे कुठलीही पूड घातली तरी वर फेस येतो आणि दिसायला सगळं ठीक दिसतं. चवीला मात्र ती पातळ आणि जळकट लागते. ताईने एकेरी तळाची बास्केट मागवली, तीच दुकानातली पूड भरली, आणि पाणी आठ-नऊ सेकंदांत धो धो खाली आलं.

इथे यंत्राचा काही दोष नव्हता. एकेरी बास्केटमध्ये पाण्याला अडवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे दळलेल्या कॉफीचा थर. १४ ग्रॅम पुडीतून २८ ग्रॅमच्या आसपास एस्प्रेसो २५ ते ३० सेकंदांत यावी, अशी सुरुवातीची मोजणी धरतात. पूड जरा भरड असली की पाणी पळतं, जरा बारीक झाली की यंत्र गुदमरतं आणि थेंब थेंब पडतो. या दोन टोकांमधली जागा फार अरुंद आहे, शंभर मायक्रॉनसुद्धा नाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शिवाय ती जागा स्थिर नसते. बिया जुन्या झाल्या, नवीन पाकीट फोडलं, हवा बदलली की ती सरकते. बाहेरून दळून आणलेल्या पुडीचा एस्प्रेसोसाठी उपयोग होत नाही तो यामुळेच. त्या दिवसाला लागेल तेवढी बारीक-भरड घरीच करावी लागते.

घरात मिक्सर होताच. ताईने त्यात दळून पाहिलं. पातं बिया तोडतं, पण किती तोडायचं हे त्याच्या हातात नसतं. एकाच भांड्यात पिठासारखी धूळही असते आणि गव्हाएवढे तुकडेही. पाणी दाबाने आलं की तुकड्यांच्या बाजूने वाट काढतं, तिथली कॉफी गरजेपेक्षा जास्त निथळते आणि बाकीचा थर तसाच राहतो. मग एकाच घोटात आंबट आणि कडू दोन्ही लागतं. त्यानंतर तिने ऑनलाइन एक स्वस्त, सिरॅमिक चक्रांचा (बिया ज्यांच्यामध्ये दळल्या जातात ती) हातग्राइंडर घेतला होता. तो मी उघडून पाहिला. दांडीला आधार फक्त वरच्या टोकाला होता, खालचं टोक मोकळं. हँडल फिरवलं की आतलं चक्र डगमगायचं. जात्याच्या दोन दगडांमधलं अंतर फेऱ्यागणिक बदलत राहिलं तर पीठ जसं येईल, तशीच ती पूड होती. चांगल्या हातग्राइंडरमध्ये दांडीला वर आणि खाली दोन्हीकडे बेअरिंग असतं. कुठलाही हातग्राइंडर घेताना मी आधी हे बघतो. चक्रं पोलादी आहेत का, हे त्यानंतर.

लाईन, व्होल्टेज आणि दुरुस्ती

पर्याय ठरवण्याआधी मी त्या घरात एक मुक्काम केला, आणि तो गरजेचा होता. फोनवर ताईला विजेचं काही वेगळं सांगावंसं वाटलं नव्हतं, कारण तिला त्याची सवय झाली आहे. लाईन जाण्याची वेळ ठरलेली नाही. उन्हाळ्यात आणि वादळी पावसात जास्त जाते. संध्याकाळी गावात सगळ्यांचे कूलर सुरू झाले की व्होल्टेज इतकं उतरतं की पंख्याच्या वेगावरून कळतं. घरचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा आहे. दिवे-पंखे त्यावर चालतात, पण मोटरची उपकरणं घरघरतात आणि तापतात. एस्प्रेसोचं यंत्र त्यावर चालण्याचा प्रश्नच नाही, तेवढा भार तो उचलणार नाही.

इथे मला या घराचं गणित दिसलं. लाईन गेली की ताईची एस्प्रेसो तशीही होत नाही, मग ग्राइंडर कुठलाही असो. मामाजींच्या कॉफीचं मात्र तसं नाही. तिला गॅसवरचं उकळतं पाणी आणि पितळी फिल्टर पुरतो. त्यांची बिया दळण्याची सोय विजेवर अवलंबून केली, तर आज जी कॉफी लाईन नसतानाही होते ती बंद पडेल. मी काही बोलायच्या आधी मामाजीच म्हणाले, "लाईन गेली त कॉफीबी गेली, असं कायले घ्याचं बाप्पा? मले हातानं फिरवाले काई तरास नाई."

ताईचं म्हणणं वेगळं होतं आणि तेही खरं होतं. दिवसभर लॅपटॉपवर काम करून तिचं उजवं मनगट दुखतं. एस्प्रेसोइतकं बारीक दळताना हँडलला जोर लागतो, विशेषतः बिया हलक्या भाजलेल्या असतील तर. "मला मोटरचा हवा, मग ओट्यावर जागा गेली तरी चालेल," असं तिने स्पष्ट सांगितलं. म्हणून मोटरचे पर्याय मी मनापासून तपासले.

त्यातला सगळ्यात जवळचा बराट्झाचा एन्कोर ईएसपी. ४० मिलिमीटरची शंकूच्या आकाराची चक्रं आहेत. एकूण ४० पायऱ्या, त्यातल्या पहिल्या २० एस्प्रेसोसाठी बारीक अंतराच्या आणि पुढच्या २० फिल्टर-फ्रेंच प्रेससाठी मोठ्या अंतराच्या. दोन प्रकारच्या कॉफीच्या घरासाठी ही रचना विचारपूर्वक केलेली आहे आणि शहरातल्या गिऱ्हाइकाला मी तो बेधडक सांगतो. डीएफ-५४ मध्ये ५४ मिलिमीटरची सपाट चक्रं आहेत; एस्प्रेसो उत्तम, पण किंमत आणखी वर. मोटरच्या ग्राइंडरमध्ये आदल्या दळणाची थोडी पूड नळीत, कोपऱ्यांत अडकून राहते. रोज एस्प्रेसोवरून फिल्टरवर आणि पुन्हा उलट जायचं असेल, तर दर वेळी थोड्या बिया दळून टाकून द्याव्या लागतात. एकच कॉफी पिणाऱ्या घरात हे जाणवत नाही, या घरात रोज जाणवलं असतं.

भाऊजींच्या एका नातेवाइकाने अमेरिकेहून येताना ग्राइंडर आणतो म्हणून सांगितलं होतं. त्याला मी लगेच नको म्हटलं. तिकडची उपकरणं १२० व्होल्टची असतात, आपल्याकडे २३०. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावून ती चालवता येतात, पण मग ओट्यावर एक जड डबा वाढतो आणि वॉरंटीही इथे चालत नाही. मोटर बिघडली तर ग्राइंडर कुरिअरने मोठ्या शहरात पाठवायचा आणि परत येईपर्यंत वाट बघायची. परतवाड्यात मिक्सर दुरुस्त करणारे हुशार कारागीर आहेत, पण त्यांच्याकडे या चक्रांचे सुटे भाग मिळणार नाहीत. हातग्राइंडरमध्ये बिघडण्यासारखं असतं तरी काय: दोन बेअरिंग, एक स्प्रिंग, एक दांडी.

पायरी किती बारीक

हातग्राइंडर म्हटलं की लोक आधी किंमत आणि मग देखणेपणा बघतात. एस्प्रेसोसाठी बघायचा आकडा वेगळाच आहे: एका क्लिकला चक्रांमधलं अंतर किती मायक्रॉनने बदलतं. कोमांडान्टे सी-४० हा फिल्टरसाठी जगभर नावाजलेला ग्राइंडर, त्याचा क्लिक ३० मायक्रॉनचा. एस्प्रेसो करणारे लोक त्याला वेगळा दांडा लावून ती पायरी निम्मी करतात. किंगग्राइंडर के-६ चा क्लिक १६ मायक्रॉनचा, वनझेडप्रेसो जे-अल्ट्राचा ८. शेवटच्या दोघांमध्ये ४८ मिलिमीटरची चक्रं आहेत आणि पायरी बदलायची कडी बाहेरून फिरते. दिवसातून दोन वेळा सेटिंग बदलणाऱ्या घरात ही बाहेरची कडी फार मोलाची. कडी आत असली की दर वेळी ग्राइंडर उघडा, मोजा, पुन्हा जोडा. पहाटे साडेपाचला हे कोणी करत नाही.

मी तीन ग्राइंडर घेऊन गेलो: फिल्टरसाठी चांगला समजला जाणारा एक लहान हातग्राइंडर, के-६, आणि दुकानातला दाखवायचा एन्कोर ईएसपी. बिया एकच, चिकमगळूरकडच्या, मध्यमपेक्षा जरा गडद भाजलेल्या अरेबिका. वजनाला ताईने ऑनलाइन घेतलेला दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा होता.

लहान ग्राइंडरवर एका क्लिकला शॉट, म्हणजे एका वेळची एस्प्रेसो, १७ सेकंदांत आला आणि पुढच्या बारीक क्लिकला पाणी अडलं, ४५ सेकंद उलटूनही कप भरला नाही. चव बरोबर कुठे असती, तर या दोन क्लिकच्या मधे, आणि तिथे थांबायची सोयच नव्हती. के-६ वर शून्यापासून ४२ क्लिकला २२ सेकंद, ४० ला २७, ३८ ला ३४. म्हणजे एका क्लिकला तीन सेकंदांच्या आसपास फरक, आणि तोही सरळ रेषेत. एन्कोर ईएसपीनेही असाच व्यवस्थित प्रतिसाद दिला. दोघांच्या कपांतला फरक ताईला ओळखता आला नाही, आणि या बियांवर मलाही खात्रीने सांगता आला नसता. जे-अल्ट्राची ८ मायक्रॉनची पायरी हलक्या भाजणीच्या, चोखंदळ एस्प्रेसोला कामाची आहे. गडद भाजणीला १६ मायक्रॉन पुरतात, जास्तीचे पैसे द्यायचं कारण मला दिसलं नाही.

मनगटाचा प्रश्न उरला होता. ताईने के-६ वर १४ ग्रॅम स्वतः दळले. मिनिटभर लागला. उभं राहून, ग्राइंडर हवेत धरून फिरवलं की सगळा जोर मनगटावर येतो. खुर्चीवर बसून, ग्राइंडर मांडीच्या आधाराने डाव्या हाताने घट्ट धरला आणि जरा तिरपा केला, की बिया चक्रांत कमी प्रमाणात उतरतात आणि हँडल हलकं जातं. तसं केल्यावर "हे रोज जमेल," असं तिने म्हटलं. दोन दिवस वापरून बघ, दुखलं तर एन्कोरच देतो, असं मी तिला सांगून ठेवलं. भाच्याने यूट्यूबवर बघून ड्रिल लावायची कल्पना काढली होती. ते मी करू दिलं नाही. ड्रिलचा वेग आणि झटका या दांडीसाठी नाही, आणि बीमध्ये एखादा खडा निघाला तर हात थांबतो, ड्रिल थांबत नाही.

किंमतही सांगायला हवी. के-६ च्या जवळपास दुप्पट पैसे एन्कोरला लागले असते. तरी निर्णय पैशांवर झाला नाही. लाईन नसताना चालतो, सेटिंग बाहेरून बदलतं आणि आत पूड अडकत नाही, या तीन गोष्टींमुळे के-६ घ्यायचं ठरलं.

मामाजींचं डिकॉक्शन

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. ग्राइंडर आला, मामाजींनी ताज्या दळलेल्या शुद्ध कॉफीचं डिकॉक्शन केलं, आणि त्यांना ते आवडलं नाही. "पाणीच हाय हे," म्हणाले. ताईला वाटलं पूड भरड झाली. तिने बारीक करत नेली, तर फिल्टरची भोकंच बुजली आणि तासाभरातही डिकॉक्शन उतरलं नाही.

कारण दळणात नव्हतं. त्यांची जीभ चिकोरीला सरावलेली होती. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के लागते, म्हणजे पाकिटातली निम्म्याच्या जवळपास चिकोरी असू शकते, आणि ती किती आहे ते पाकिटावर लिहिलेलं असतं. चिकोरीने डिकॉक्शन काळंभोर, दाट होतं आणि पाणीही हळू उतरतं. ती काढून टाकली की तेवढ्याच पुडीचं डिकॉक्शन पातळ वाटणारच. मी चिकोरीची पूड वेगळी आणून दिली. आता बिया दळून झाल्यावर पाचवा हिस्सा चिकोरी चमच्याने मिसळतात. चिकोरी ग्राइंडरमध्ये कधीच घालायची नाही. ती हवेतलं पाणी ओढून घेते, चिकट होते आणि चक्रांत बसली की निघत नाही. दळण एस्प्रेसोपेक्षा २५ क्लिक भरड ठेवलं. डिकॉक्शन आता पंधरा-वीस मिनिटांत उतरतं आणि मामाजींचा कप त्यांना हवा तसा होतो. चिकोरीला कमी लेखणारे कॉफीवाले पुष्कळ आहेत. ज्याला ती आवडते त्याच्यापुढे चांगल्या बिया आणि चांगली चिकोरी ठेवणं, हे मला माझं काम वाटतं.

के-६ ची कडी एका फेऱ्यात ६० क्लिक फिरते, त्यामुळे मामाजींचा ६५ आणि कडीवरचा ५ एकाच जागी येतो. नुसता आकडा बघून चालत नाही. म्हणून घरात ठरलं: ग्राइंडर कायम ताईच्या ४० वर ठेवायचा. मामाजी पहाटे २५ क्लिक भरड करतात, दळून झालं की रिकामं हँडल फिरवत पुन्हा २५ क्लिक बारीक करतात. रिकामं फिरवत आणलं नाही तर मधे अडकलेले तुकडे चक्रांवर दाब देतात. कधी शंका आली तर शून्यापासून मोजायचं: हँडल फिरेनासं होईपर्यंत कडी हलकेच बंद करायची, जोर लावायचा नाही, तिथून मोजत यायचं. मामाजींनी हे वहीच्या कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवलं आहे.

उन्हाळा, कूलर आणि कोरडी थंडी

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. बिया अशा उष्णतेत लवकर शिळ्या होतात, म्हणून मोठं पाकीट आणायचं नाही. आणलंच तर आठवड्यापुरत्या छोट्या हवाबंद डब्यांत भागून फ्रीझरमध्ये टाकायचं, आणि एकदा बाहेर काढलेला डबा परत आत ठेवायचा नाही. थंड डबा लगेच उघडला की बियांवर दमट हवेचं पाणी धरतं.

कूलरचा परिणाम मला तिथे राहिल्यामुळेच कळला. स्वयंपाकघराच्या खिडकीत लावलेल्या कूलरची ओली हवा थेट ओट्यावर येत होती. कूलर सुरू असलेल्या दिवशी तोच क्लिक, त्याच बिया आणि तेच वजन असूनही शॉटची वेळ हलायची. बियांचा डबा आणि ग्राइंडर माजघरातल्या कपाटात हलवले, आणि वेळ बरीचशी जागेवर आली.

हिवाळ्यात याच्या उलट. हवा कोरडी, दळताना घर्षणाने वीज तयार होते आणि पूड ग्राइंडरच्या भिंतीला, डब्याला, हाताला चिकटते. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक थेंब टाकून चमच्याने हलवायचं. कॉफीवाले हे खूप वर्षांपासून करत आले आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यावर प्रयोग केले, तेव्हा थोड्या पाण्याने ही वीज खरंच कमी होते आणि पुडीच्या गुठळ्याही कमी होतात असं दिसलं. ताई ओल्या चमच्याचा दांडा बियांत फिरवते, तेवढं पुरतं.

एक गोष्ट तिला समजवायला वेळ लागला. शॉट आंबट लागला की ती बारीक करायची, आणखी आंबट लागला की आणखी बारीक. एका मर्यादेपलीकडे बारीक दळलं की पाणी थरात सगळीकडून सारखं जात नाही, काही भाग जवळजवळ कोराच राहतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातही हेच दिसलं होतं. ३६ वरून ती परत ४० वर आली आणि कप सुधारला.

साफसफाई थोडी आहे. रोज ब्रशने झटकायचं, महिन्यातून एकदा चक्रं उघडून कोरड्या ब्रशने पुसायची, पाणी लावायचं नाही, आणि मिक्सरसारखे तांदूळ फिरवून साफ करायचे नाहीत.

मोटरच्या ग्राइंडरचा विचार ताईने सोडलेला नाही. भाऊजी छतावर सोलर बसवायच्या बेतात आहेत आणि सोबत साइन वेव्हचा नवा इन्व्हर्टर येईल. तेव्हा एन्कोर घ्यायचा आणि तो फक्त एस्प्रेसोसाठी ठेवायचा, के-६ मामाजींकडे ६५ वर कायम राहील, असं आमचं बोलणं झालं आहे. दिवाळीला घर भरलं की फिल्टरसाठी पन्नासेक ग्रॅम बिया दळाव्या लागतात आणि के-६ मध्ये एका वेळी त्याच्या निम्म्याच मावतात. तेव्हा तो दोनदा भरावा लागेल.